टायफॉइडचा दाखला

सून डबा भरायला उठली आणि झाकण हातात धरून पाऊण तास तशीच उभी राहिली. महिनाभर हे असेच चालले होते. बाटल्यांच्या कारखान्यात ती तपासणीला बसे. उजेडासमोरून सरकणाऱ्या बाटल्यांतल्या तडकलेल्या बाजूला काढायच्या. हल्ली तडा दिसे, पण हात उठत नसे.

डॉक्टरांनी नैराश्य सांगितले. रोज एक गोळी, गुण यायला महिना तरी लागेल, मनाने बंद करायची नाही, आणि दोन महिने रजा. तसा दाखलाही दिला.

सासूबाईंनी तो वाचून मुलाच्या हातात परत कोंबला.

"हा कारखान्यात देणार? तिथली सुपरवायझर कोण, विसरलास? आपल्या होणाऱ्या जावयाची सख्खी आत्या! घरात वेड आहे कळल्यावर करतील का ते आपल्या धाकटीला सून?"

"आई, वेड नाही म्हणाले डॉक्टर."

"मग जा, दारोदार समजावत बस!"

संध्याकाळी ओळखीच्या कंपाउंडरकडून टायफॉइडचा दाखला आला. टायफॉइडला तीन आठवडेच रजा मिळाली.

ते संपताच सासूबाईंनी गोळ्या उचलून कपाटात कोंडल्या.

"आई, आत्ता कुठं झोप लागायला लागलीय मला."

"टायफॉइड बरा झाल्यावर कोण गोळ्या खातं? गेटवर पर्स उघडतात. पोरीचं होऊन जाऊ दे, मग खा मुठीमुठीनं."

गोळ्या तुटल्याच्या पाचव्या दिवशी कामावर तिला मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे होऊ लागले. तडकलेल्या बाटल्या पुढे गेल्या.

"काय गं महाराणी," सुपरवायझर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "टायफॉइडनं डोळेपण नेले वाटतं?" शेजारच्या बायका फिदीफिदी हसल्या. संशय आला तशी तिने रक्ततपासणीचा कागद मागितला. तो कुठून येणार?

ऑफिसात नवऱ्याला बोलावले. त्याने खरा दाखला खिशात आणला होता.

"आजारपणाला आमची हरकत नाही," साहेब म्हणाले. "खोट्या रजेला आहे. खरं काय ते सांगा."

बायको त्याच्या तोंडाकडे बघत होती. समोर सुपरवायझर बसली होती. नवऱ्याने खिशावर हात दाबला.

"देवाशपथ, टायफॉइडच होता."

त्या घरात देवाचे नाव उठताबसता घेत. इतक्या हलक्या कामाला ते कधी लावले नव्हते. सुनेची नोकरी गेली.

"जाऊ दे, लग्न तर वाचलं," सासूबाई म्हणाल्या.

धाकटीने भावाच्या खिशातून खरा दाखला काढला आणि तडक सुपरवायझरच्या घरी नेऊन दिला. दुसऱ्याच दिवशी निरोप आला, सोयरीक मोडली. नोकरीबद्दल निरोपात अवाक्षर नव्हते.

"स्वतःच्या पायावर धोंडा घातलास, कार्टे!"

"आई, वहिनीला तू तीन आठवडे आजारी पडायची परवानगी दिलीस. त्या घरात मला किती दिवस मिळाले असते?"

ती वहिनीला घेऊन डॉक्टरांकडे गेली. औषध पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाले.

सासूबाई अजून शेजारणींना सांगतात, "मेल्या टायफॉइडनं घराची वाट लावली हो!" शेजारणी हळहळतात. त्यांतल्या एकीचा मुलगा दोन महिने 'पाठदुखीनं' अंथरुणावर आहे. ती तेवढी मान खाली घालते, आणि काही विचारायचे असूनही विचारत नाही.