ज्याचा खाडा, त्याच्या हातात मी

"सर, तुम्ही स्वतः पॅड कधी धरता?"

मित्रांनो, हा प्रश्न विचारून दाखवायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि भोंगाने तो कराटे क्लासच्या पहिल्याच दिवशी विचारला. भोंगा हे त्या मुलीचे टोपणनाव. तिने नुसते "हो" म्हटले तरी खालच्या दुकानातली माणसे दचकून वर बघतात, म्हणून ते पडले. हॉलमध्ये तीस पोरे रांगेत उभी होती. सगळ्यांनी श्वास रोखले. मीही रोखला असता, पण माझ्या पोटात फक्त फोम आहे.

"माझा कधी खाडा नसतो," सर शांतपणे म्हणाले. "तुझा मात्र जन्मापासून कालपर्यंत सगळा खाडाच झालाय. ये, पॅड उचल."

तो पॅड म्हणजे मी. मी एक जुना पॅड आहे आणि लाथा खाणे हा माझा धंदा आहे. मला एका लहानशा कारखान्यात शिवले. तिथे एक नवरा-बायको एरवी स्कूटरच्या सीटची कव्हरे शिवतात. बायकोने जाड काळे रेक्झिन कापले. नवऱ्याने दुहेरी शिलाई मारली, पाठीला हात अडकवायला दोन पट्टे लावले आणि माझ्यावर थाप मारून म्हणाला, "जा लेका, मार खा!" इतका खरा ठरलेला आशीर्वाद मी दुसरा ऐकला नाही. भोंगा त्यांचीच मुलगी. म्हणजे नात्याने ती माझी बहीणच लागते. तिने मला जे काही बदडले आहे, त्यावरून तुम्हालाही ते पटेल.

आमच्या क्लासच्या भिंतीवर लाल रंगात लिहिले आहे : "खाडा केला, पॅड धरला." एक दिवस गैरहजर राहिलात, की दुसऱ्या दिवशी मला घेऊन भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. मग बाकीच्या सगळ्यांनी एकेक करून प्रत्येकी दहा लाथा मारायच्या. कारण सांगायची सोय नाही. एका मुलाची आजी वारली होती. सर म्हणाले, "वाईट झालं. पॅड उचल." आणि वर्षभरात ज्याचा एकही खाडा नाही, त्यालाच ब्राऊन बेल्टच्या परीक्षेला बसता येते.

पहिल्या दिवशी भोंगाने दोनशे नव्वद लाथा झेलल्या. घरी जाताना तिला जिन्याचा कठडा धरता येईना. त्या दिवसापासून तिने एकही खाडा केला नाही. मावशीच्या लग्नातून ती पंगत सोडून आली. एकदा ताप अंगात घेऊन आली, मला लाथा घातल्या आणि कोपऱ्यातल्या बादलीत ओकून पुन्हा रांगेत उभी राहिली. सरांनी टाळ्या वाजवल्या. "बघा रे, याला म्हणतात शिस्त!" मित्रांनो, शिस्त मला फारशी कळत नाही, पण भीती मी पायाच्या वजनावरून ओळखतो. तिच्या पायात तेव्हा ती पुरेपूर होती.

हळूहळू मात्र भोंगा छान तयार झाली. आवाजाइतकीच तिची लाथही सणसणीत झाली. खाडा केलेला कोणी समोर आला, की ती मैत्रिणींना डोळा मारायची. "काय राव, काल झोप झाली का नीट? चला, आता जागे व्हा!" सगळे दात काढायचे. मीही त्या गमतीत होतो असे म्हणा. पहिला मार मलाच बसतो. मागच्या माणसाला उरलासुरला पोचतो, असे मी समजत होतो.

परीक्षेला अकरा दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. क्लासमधली सगळ्यांत धाकटी मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणतात, ती एक दिवस आली नव्हती. जिन्यावरून पडून तिचे मनगट सुजले होते. दुसऱ्या दिवशी सरांनी तिच्याकडे न बघताच भिंतीकडे बोट केले. तिचा हात इतका बारीक की माझ्या पट्ट्यातून निसटायचा. तिने दातांनी ओढून पट्ट्याला गाठ मारली आणि हात आत घातला.

भोंगाची पाळी आली. चिमणी माझ्या मागून हळूच म्हणाली, "ताई, या बाजूला नको ना. दुखतंय."

भोंगाने ते ऐकले. मी मध्ये होतो, मला माहीत आहे. पहिल्या लाथेला तिचा पाय कचरला.

"हे काय? डास मारतेस का?" सर ओरडले. "अशी परीक्षा देणार? की तुलाही उभं करू भिंतीला?"

मग जी लाथ आली, तशी मी सहा वर्षांत खाल्ली नव्हती. माझी कडेची शिलाई टरकन उसवली. आणि माझ्या मागे वाळकी काडी मोडावी तसा एक लहान आवाज झाला.

"शाब्बास!" सर म्हणाले. "ही खरी लाथ!"

चिमणी भिंतीला घसटत खाली बसली. तिला रडायलाही जरा वेळ लागला. सर वाकून म्हणाले, "पॅड अंगाशी धरायचा असतो, किती वेळा सांगितलंय?" मग त्यांनी एका मुलाला तिच्या आईला फोन करायला सांगितले आणि मला भोंगाच्या हातात दिले. "बाबांकडून टाके घालून आण. उद्या लागेल." भोंगाच्या मैत्रिणी बुटांच्या नाड्या बांधत बसल्या होत्या. त्या दिवशी नाड्या फार वेळ बांधल्या गेल्या.

सहा वर्षांनी मी माहेरी आलो. बाबांनी उसवलेल्या कडेवरून बोट फिरवले आणि त्यांची छाती फुगली. "माझी दुहेरी शिलाई फाडलीस? अगं, ऐकलंस का, पोरीनं शिलाई फाडली माझी!" आई कात्री ठेवून हसत आली.

मग बाबांनी दाभण टोचायला मला पालथे केले. "आणि ही गाठ कोणी मारली?"

भोंगाचा आवाज मी पहिल्यांदाच इतका लहान ऐकला. तिने सगळे सांगितले. "ताई" म्हटलेलेही सांगितले.

आई मटकन स्टुलावर बसली. बाबांनी दाभण खाली ठेवले.

मित्रांनो, एकच मागतो. माझी काळजी नका करू, मला टाके घालता येतात. पण मारण्याआधी माझ्या पलीकडे कोण उभे आहे, ते जरूर बघा. रोज न चुकता येणारा पाय चांगलाच. पण तो नुसता भीतीने येत असेल, तर कोणावर पडतोय हे त्याला कळत नाही.

"उद्या सरांशी मी बोलते," आई म्हणाली. "तू क्लास सोड."

"नाही सोडणार." भोंगाचा आवाज परत आला; खालच्या दुकानांपर्यंत गेला असता एवढा. "उद्या मी खाडा करणार. चिमणीच्या घरी जाणार आणि तिच्या आईसमोर सांगणार की मी ऐकलं होतं. परवा क्लासला जाऊन पॅड धरणार, आणि तिचा हात बरा होईपर्यंत रोज मीच धरणार, खाडा कोणाचाही असो. आणि सरांना तोच प्रश्न परत विचारणार. या वेळी पैज लावून नाही."

"अगं, पण परीक्षा?" बाबा म्हणाले. "अकराच दिवस राहिलेत!"

"नाही देणार यंदा. पट्टा बारीक हाताला बसेल असा करून द्या, बाबा. उद्या माझा खाडा आहे."