आठ बोल्ट आणि खंडेनवमी

गाडी जानकीच्या नावावर होती, हे आधी सांगितलेलं बरं. ऑफिसातल्या सगळ्यांनी मारुती बुक केली म्हणून माझ्या बायकोनेही केली होती, आमच्या लग्नाआधी. नंबर लागला तो नेमका तिचाच. वर्षभर ती पांढरी, टुमदार गाडी अंधेरी ते घाटकोपर सरळमार्गी ऑफिसला जात होती. मग ती माझ्या तावडीत सापडली.

मी मरोळला दशरथमामाच्या गाळ्यात टर्नर. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ. दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन, एवढाच त्याचा कारखाना. त्या लेथवर दुसऱ्यांचे बुश आणि शाफ्ट काढता काढता मला वाटायला लागलं, की या मशीनवर एक वेगवान गाडी तयार होऊ शकते. मी स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली. सायलेन्सरच्या जागी स्वतः वाकवलेला पाइप लावला. कार्बोरेटर उघडून दहा वेळा बसवला. शनिवारी मागची सीट काढायची, सोमवारी जानकीला ऑफिस म्हणून परत घालायची. गतिरोधक आला की गाडीचं पोट घासायचं, आणि शेजारी बसलेली जानकी माझ्याकडे बघायची. ते बघणं शिवीपेक्षा वाईट.

हे सगळं एका शर्यतीसाठी. कल्याणच्या पलीकडे महायुद्धातली एक जुनी धावपट्टी आहे, तिथे एका क्लबाने सत्त्याऐंशीच्या दसऱ्याला छोट्या गाड्यांची शर्यत ठेवली होती. फॉर्म भरणारे बहुतेक गावातले, म्हणजे मलबार हिल आणि कफ परेडचे. त्यांचे पार्ट विमानाने यायचे. मला एकदाच, फक्त एकदाच दाखवायचं होतं की मरोळच्या गाळ्यात बनलेली गाडी त्यांच्या पुढे जाऊ शकते. जानकीने परवानगी दिली, पण अट घालून.

"दसऱ्याला काय ते कर," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवसापासून मागची सीट परत, सायलेन्सर परत, स्प्रिंगा परत. माझी गाडी मला जशी होती तशी पाहिजे."

म्हणजे पुढच्या वर्षी वगैरे काही नव्हतं. एक शर्यत, आणि खेळ खलास.

शेवटचं काम इंजिनाच्या हेडचं, म्हणजे वरच्या झाकणाचं. ते खालून घासून थोडं पातळ केलं की इंजिन जास्त जोर मारतं. हेड बसलं अष्टमीच्या संध्याकाळी. ते आठ बोल्टांवर बसतं, आणि आठही सारखे आवळावे लागतात. एकदा आवळून भागत नाही. गाडी पळवायची, इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं आणि परत आवळायचे, तेही टॉर्क रेंचने. किती जोर लागला ते हा पाना काट्यावर दाखवतो. मामाने तो नागदेवीच्या बाजारातून आणला होता आणि स्वतःच्या चष्म्यापेक्षा जास्त जपायचा.

नवमीच्या सकाळी मी मुलुंडपर्यंत चक्कर मारून आलो. गाडी अशी काही ओढत होती की मी एकटाच हसत होतो. इंजिन गार व्हायला ठेवलं आणि चारच्या सुमारास गाळ्यात गेलो. आत अगरबत्तीचा वास. लेथला झेंडूच्या माळा. पाटावर लाल कापड, आणि त्यावर झाडून सगळी हत्यारं, हळदकुंकू लावलेली. मधोमध टॉर्क रेंच.

मी मालवणचा माणूस, आणि खंडेनवमी विसरलो होतो. महिनाभर डोक्यात गाडीशिवाय काही नव्हतं, त्याचं हे फळ. आमच्याकडे नवमीला हत्यार एकदा पाटावर बसलं, की दसऱ्याचा नारळ फुटेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. मामाचा नारळ दरवर्षी नऊला फुटतो. माझ्या गाडीची तपासणी आठ वाजता, कल्याणच्या पलीकडे.

मी मामाला समजावलं. मग विनवलं. मग आवाज चढवला. पाच मिनिटांचं काम आहे, देवाला कळतं, असलं सगळं बोलून झालं. मामा शांतपणे मान हलवत राहिला. शेवटी मी म्हणालो, की तुझ्यामुळे माझी एकुलती एक संधी जाणार आहे, तुला आयुष्यात बुश कापण्यापलीकडे काही जमलं नाही आणि दुसऱ्याचंही तुला बघवत नाही. हे मी म्हणालो. मामा काहीतरी सांगायला मागून दारापर्यंत आला, "अरे नंदू, आयक तरी," असं म्हणाला, पण मी थांबलो नाही.

तिथून पास्कलच्या गॅरेजात गेलो. पास्कल मरोळ गावठाणातला ख्रिस्ती, म्हटलं इथे तरी अडचण नाही. तर त्याच्या जॅकला हार. त्याचे मेकॅनिक लहू आणि चंदर, दोघेही आमच्याकडचेच. आज हत्याराला कोणी हात लावला तर ते उद्यापासून येणार नाहीत, मग तू येणार काय कामाला, असं पास्कलने विचारलं. तिसऱ्या गॅरेजला कुलूप होतं. मरोळच्या अख्ख्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्या दिवशी एक पाना मोकळा नव्हता. मला रडावं की कोणाला मारावं ते कळेना.

घरी आलो. गाडीच्या सीटखाली एक जुना, साधा बिनकाट्याचा गोटीपाना सापडला, पूजेतून सुटलेला. त्यानेच मी आठही बोल्ट अंदाजाने आवळले. प्रत्येक बोल्टबरोबर मनातल्या मनात मामाशी भांडत होतो.

पहाटे साडेचारला मी जानकीला घेऊन निघालो. एवढ्या लवकर जायची गरज नव्हती, पण घरात थांबवतही नव्हतं.

शर्यत आठ फेऱ्यांची. पहिल्या फेरीत मी तिसरा होतो, दुसऱ्या फेरीत पहिला. अगदी पहिला. पुढे रिकामी धावपट्टी आणि बाजूला गवत. तिसऱ्या फेरीत काटा गरमकडे गेला, इंजिन तीनऐवजी दोन सिलिंडरवर खोकायला लागलं आणि बॉनेटमधून पांढरी वाफ आली. अंदाजाने आवळलेल्या हेडखालची पातळ चकती, म्हणजे गॅस्केट, उडालं होतं. मी गवतात गाडी लावली आणि त्या सगळ्यांना पुढे जाताना बघितलं.

जानकी धावत आली. तिच्यासमोर, आणि तिथे जमलेल्या दहाबारा लोकांसमोर, मी मामाचा उद्धार केला. म्हातारा अडाणी आहे, जळका आहे, त्याच्या सोवळ्याने माझी वाट लागली.

तेवढ्यात धावपट्टीच्या टोकाला एक टांगा थांबला आणि त्यातून मामा उतरला. इस्त्रीचा सदरा, कपाळाला कुंकू, काखेत लाल कापडाची गुंडाळी. घाटकोपरपर्यंत बसने, कल्याणपर्यंत लोकलने आणि पुढे टांग्याने आला होता. चालताना धापा टाकत होता. बॉनेट बंद होतं, वाफ विरली होती. बघणाऱ्याला वाटावं, गाडी नुसती उभी आहे.

"आज पहाटे चारांकच नारळ फोडलंय," तो म्हणाला. "काल ताच सांगी होतंय तुका. घराकडे इलंय, तर तू गेल्लंस." त्याने कापड उलगडून पाना माझ्यापुढे धरला. "घे, आवळ लवकर. अजून टायम हा मा रे?"

जानकी माझ्याकडे बघत होती, जमलेले लोकही. मी पाना हातात घेतला. मघाशी त्याच्याबद्दल जे बोललो होतो ते त्याने ऐकलं नव्हतं, आणि मला त्याचंही बरं वाटलं नाही. कोणावर चिडू, असं आता कोणी शिल्लकच नव्हतं.

"झाली शर्यत, मामा," मी म्हणालो.