सलोख्याचा फोटो

पारध्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा रद्द होऊन तीस वर्षं झाली, म्हणून सरकारनं त्यांच्या स्मारकाला अनुदान दिलं. हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावात समिती झाली. अध्यक्ष सरपंच, चिटणीस मी, शाळामास्तर. समितीत पारधी एकही नव्हता. त्यांना मिटिंगमधलं काय कळतंय, असं आमचं एकमत!

दगड उभा राहिला. उद्घाटनाच्या सकाळी तालुक्याहून आलेले सरकारी साहेब म्हणाले, "मंत्र्यांसोबत पारध्यांचा फोटो ही अनुदानाची अट आहे."

मी वस्तीवर पळालो. तिथं नुसत्या बायका. "गडी पहाटेच चौकीत नेलं की," एक म्हातारी म्हणाली.

चौकीत गेलो, तर कोठडीत अठरा जण. फौजदार चहा पीत होता.

"मंत्री येणार म्हटल्यावर पारधी आत घ्यायचेच, मास्तर. जत्रंला न्हाय का घेत?"

"अहो, कार्यक्रम त्यांचाच हाय!"

मग फौजदारानंच त्यांना गाडीतून मंडपात आणलं. मंत्र्यांनी हार घातले, समाजाच्या वतीनं माफी मागितली, डोळे पुसले. फोटो झाला. टाळ्या थांबायच्या आत फौजदारानं सगळ्यांना परत गाडीकडं वळवलं. मंत्री अजून सरपंचांकडं जेवणार होते.

गाडीत चढताना म्हाताऱ्या सुपड्या काळेनं गळ्यातला हार माझ्यापुढं धरला.

"ह्यो घ्या मास्तर. आत गेल्यावर चोरीचा म्हणत्याल."

मी घेतला. मग बाकीचे सतराही मागून घेतले.