दुपारनंतरचं पाणी

"ह्या रेघेपर्यंत भर. पहिली धार सोडून दे, मंग बाटली धर," तुळजाबाईनं सांगितलं आणि संडासाचं दार लोटून घेतलं. अठरा वर्षांत हे वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलं होतं, की आता ते तोंडातून आपोआप पडायचं. आरोग्य केंद्रातले डॉक्टर बदलले, नर्सा बदलल्या. झाडलोट करणारी मावशी तेवढी तीच राहिली.

आत गेलेली पोरगी बाहेर आली ती डोळे पुसत. लग्नाला पाच महिने झालेले, हातातल्या बांगड्या अजून नव्या.

"लई दुखून राह्यलं का?"

"आग व्हती थोडी. पण मावशी..." तिनं बाकावरच्या सासूकडे पाहिलं आणि आवाज खाली नेला. "ते जवळ आले की त्याच टायमाला लघवी लागल्यासारखं व्हतं. वाटतं, आता गादीतच व्हईल. मी उठून पळते. बाहेर जाऊन बसलं तर दोन थेंब. ते म्हणले, मी नको असन तर सांग. रविवारी माहेरी सोडणार हायेत मला."

बाटलीवर चिठ्ठी चिकटवता चिकटवता तुळजाबाईचा हात थांबला. हे दुखणं तिच्या चांगल्या ओळखीचं होतं.

"दुपारपासून पाणी बंद कर," ती हळूच म्हणाली. "मी तेच केलं, पोरी. जन्मभर."

हा उपाय तिनं आजवर सहा-सात जणींना तरी सांगितला असेल. सांगताना बरं वाटायचं, आपण कुणाच्या उपयोगी पडलो म्हणून.

लघवी तपासून झाली. डॉक्टर शीतल मॅडमनी पोरीला एकटीलाच पडद्याआड घेतलं. पडद्याबाहेर तुळजाबाई फरशी पुसत होती. कान काही बंद करता येत नाहीत.

"पाणी भरपूर प्यायचं," मॅडम म्हणाल्या.

"पण बाहेरच्या मावशी म्हणल्या, बंद कर."

"अगं, उलट आहे ते! पाणी तोडलं की लघवी दाट होते, लघवीची पिशवी आणखी चिडते. तुला जंतुसंसर्गही झालाय. गोळ्या देते, पूर्ण घ्यायच्या, तोवर दोघांनी जरा दमानं घ्या. आणि हे बघ, लघवीची पिशवी त्या जागेला अगदी लागून असते. दाब पडला की लघवी लागल्यासारखं वाटतं. पुष्कळ जणींना वाटतं. आधी जाऊन यायचं, नंतरही जायचं. त्रास झाला तर थांबा म्हणायचं. यात तुझा दोष नाही, त्याचाही नाही."

झालं. दोन मिनिटांचं काम. तुळजाबाई ओलं फडकं हातात धरून तशीच बसून राहिली.

तिच्या वेळी हे दोन मिनिटांचं बोलणं कुणी केलं नव्हतं. ती तांब्या घेऊन अंगणात पळायची. कचरूनं, तिच्या नवऱ्यानं, एकदा विचारलं, दोनदा विचारलं. मग एके दिवशी आपली बाज उचलून त्यानं पडवीत टाकली. भांडण नाही, शिवी नाही. लोक म्हणायचे, कचरू गरीब माणूस. गरीबच होता, म्हणून तर तिसऱ्यांदा विचारलं नाही. त्यालाही आता वीस वर्षं होत आली.

"पण त्यांना कोण सांगन?" आत पोरगी रडत होती. "बाहेरच हायेत, पण आत येणार न्हाईत."

तुळजाबाईनं फडकं बादलीत टाकलं आणि ती पायऱ्या उतरून गेली. नवरा मोटारसायकलवर मोबाइल बघत बसला होता.

"चल बाबा आत. मॅडम बोलवून राह्यल्या."

"बायकांचं काम हाय मावशी. माय हाय ना माझी."

"माय न्हाई, तूच पाहिजे." तो हलेना. तशी ती जवळ गेली. "तिला तुझा कंटाळा न्हाई रे. ती तुझ्यापासून पळत न्हाई. दुखणं हाय ते. मीबी तिला चुकीचंच सांगितलं आज. मॅडमला विचार, पण विचार. असं गप ऱ्हाऊ नको!"

शेवटी तिचा आवाज फाटला. पोरगा घाबरला. चपला पायरीशी सोडून मुकाट्यानं आत गेला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा कचरू पडवीत बाजेवर बसला होता. तिनं चहा दिला. एरवी ती लगेच आत वळायची. आज खालीच बसली. पाय फार दुखत होते.

"अवो, तवा मी उठून जायची ना... रात्री."

कचरूनं बशी खाली ठेवली.

"लघवी लागल्यासारखं व्हायचं मला. दुखणं व्हतं ते. तुमचा कंटाळा न्हवता."

गल्लीतून शेळ्या परतत होत्या, त्यांच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"एवढंच व्हतं?"

"एवढंच."

"मंग सांगायचं न्हाई का?"

"मलाच कुठं ठाव व्हतं. आज कळलं."

त्यानं मान हलवली. बशीतला चहा निवून गेला होता, तो त्यानं तसाच पिऊन टाकला. मग बाजेखालचा आपला तांब्या काढला, पेल्यात पाणी ओतलं आणि तिच्यापुढे धरला. दुपारनंतर ती पाणी पीत नाही, हे त्याला ठाऊक होतं. का, ते आत्तापर्यंत ठाऊक नव्हतं.

तिनं पेला रिकामा केला. त्यानं पुन्हा भरला.

"घे," तो म्हणाला. "अजून घे."