दुबार नोंदी गाळणारा

मी एक जुना प्रोग्रॅम आहे, मित्रांनो. इनमीन पंधरा ओळींचा. मला चित्रं काढता येत नाहीत की हिशेब मांडता येत नाहीत. मला एकच काम येतं: अनेक याद्यांची एक यादी करायची आणि तिच्यातल्या दुबार नोंदी गाळायच्या.

माझा जन्म एका तक्रारीतून झाला. दृष्टिहीनांसाठी बोलकी पुस्तकं ठेवणारं एक ग्रंथालय होतं. हौशी वाचक घरी बसून पुस्तकं मोठ्यानं वाचत, ती ध्वनिमुद्रित करून आणून देत आणि ‘पुस्तक, वाचणारा’ अशी नोंद आपापल्या टेक्स्ट फाइलमध्ये करत. ग्रंथपालबाईही करत. मग एकच नोंद दोन-तीन फाइलींत पडे. त्या गोंधळात एका आजोबांना एकच ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा गेलं.

“बाई, मला दिसत नाही, पण मी विसरभोळा नाही!” आजोबा फोनवर कडाडले.

ग्रंथपालबाई हिरमुसल्या तोंडानं घरी गेल्या. त्यांची नणंद लिफ्टच्या कारखान्यात संगणकाचं काम करायची. सगळं ऐकून ती म्हणाली, “वहिनी, सरका जरा.” आणि जेवणाच्या टेबलावर, भाजीचं पातेलं बाजूला सारून, तिनं मला लिहिलं.

माझी रीत साधी. मी प्रत्येक फाइल उघडतो आणि ओळीमागून ओळ वाचतो. ही ओळ आधी पाहिली आहे का? नसेल तर नव्या यादीत लिहितो आणि लक्षात ठेवतो. असेल तर पुढे सरकतो.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. काही नोंदी तरीही दोनदा आल्या. कुणीतरी ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा सोडली होती. माणसाला ती दिसत नाही, पण माझ्या लेखी ती ओळच वेगळी. नणंदेनं मला ओळीच्या कडा छाटून मगच तुलना करायला शिकवलं. शिवाय गाळलेल्या ओळीही मी एका निराळ्या फाइलमध्ये ठेवू लागलो.

“ते कशाला गं? दुबार ते दुबार,” बाई म्हणाल्या.

“वहिनी, केर टाकण्याआधी सुपलीत एकदा चाळून बघतोच ना आपण?”

पुढे कित्येक वर्षं मी मुकाट काम केलं. ‘आमचा चाळणीवाला’ म्हणून बाई माझं कौतुक करत. मग ग्रंथालयात नवी, झकपक प्रणाली आली आणि मी एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये पडून राहिलो.

नंतर नवे व्यवस्थापक आले. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. संगणकात जागा उरली नव्हती. त्यांना मी सापडलो. त्यांनी माझी एक ओळ बदलली: पूर्ण नोंद बघायची नाही, नुसतं पुस्तकाचं नाव बघायचं. एक पुस्तक, एक ध्वनिमुद्रण. मी हुकमाचा ताबेदार. सांगितलं तसं केलं. यादीत जे उरलं नाही, ते ध्वनिमुद्रण पुसायचं काम त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू करून दिलं.

त्याच दुपारी वाद्यं दुरुस्त करणारे काका आले. त्यांना जन्मापासून दिसत नाही. त्यांनी एका दीपगृहाच्या रखवालदाराच्या आठवणींचं पुस्तक मागितलं. बाईंनी यादीत पाहून पुस्तक लावून दिलं. काकांनी थोडं ऐकलं आणि कानांतले इअरफोन काढून ठेवले.

“आवाज सुरेख आहे. पण हे नव्हे.”

“पुस्तक तेच आहे हो, काका.”

“पुस्तक मला पाठ आहे, बाई. मला आमच्या हिनं वाचलेलं हवंय.”

काकांची बायको वारून वर्ष उलटलं होतं. बाई व्यवस्थापकांच्या खोलीकडे धावल्या. “थांबवा! आधी ते पुसणं थांबवा!”

व्यवस्थापकांनी गोंधळून बटण दाबलं. बाईंनी माझी गाळलेल्या ओळींची फाइल उघडली. त्यात दीपगृहाची नोंद होती, पुढे काकूंचं नाव. पुसणं अकारविल्हे चाललं होतं आणि ते ‘ट’पाशी, म्हणजे दीपगृहाच्या ‘द’च्या अलीकडेच, थांबलं होतं. काकूंचं वाचन शाबूत होतं. त्याआधीची काही ध्वनिमुद्रणं मात्र गेली होती. त्या फाइलवरून बाईंनी एकेका वाचकाला फोन लावले. काहींच्या घरी प्रती निघाल्या, काहींच्या नाही. त्या वाचनांवर कायमचं पाणी सोडावं लागलं.

संध्याकाळी नणंदेनं येऊन माझी ओळ पूर्ववत केली. व्यवस्थापक काकांपुढे उभे होते. “मला वाटलं, पुस्तक तेच तर आहे,” ते पुटपुटले.

काकांनी एका कानातला इअरफोन काढून त्यांच्या हातात दिला. “बसा. आता वादळाचं प्रकरण येईल. तिथे ही शिंकते आणि रखवालदाराची माफी मागते.”

व्यवस्थापक बसले. थोड्या वेळानं दोघंही एकदमच हसले.

मित्रांनो, मला दोन ओळी सारख्या आहेत की नाहीत एवढंच कळतं. कशाला सारखं म्हणायचं, हे तुम्हीच मला सांगता. तेव्हा काही कायमचं पुसायचं असेल, तर माझ्या भरवशावर राहू नका. आधी एकदा ऐकून बघा.