खाऱ्यावरचा लेप

नागोरावला त्या पाइपातून काय मिळणार होतं, हे त्याला तोंडपाठ होतं. होळीच्या आत पाण्याची लाइन पुरली की कायमची नोकरी, सालवडला दोन खोल्या, दारात नळ. आणि नळ आला की नांदेडकडच्या गावाहून उषा येणार. लग्नाला चार वर्षं झाली होती; एकत्र काढलेले दिवस बोटांवर मोजता येत.

साल चौसष्ट. खाडीकाठी पडलेल्या लोखंडी पाइपांवरून उधाणाची भरती गेली होती. त्यांवर कढत डांबर फासायचं, तागाची पट्टी गुंडाळायची आणि पुरायचं, एवढंच काम. कढईवर गोमा होता. घिवलीचा मच्छीमार, होड्यांना डांबर लावण्यात हात बसलेला.

"मुकादम, पायपाला खारं लागलंय. गोड्या पान्यानं धुवा, एक दीस उनात ठेवा. होडीला आमी तसंच करतो."

गोडं पाणी कुंभवलीच्या विहिरीवरून बैलगाडीने आणायचं, म्हणजे चार दिवस गेले.

"फडक्यानं पूस. तुझी होडी नाही ही, हिला मासे धरायला जायचं नाही."

"म्हनून तर बोलतो. होडी दर वरसाला वर ओढून बगतो. हिला कोन वर काडनार?"

सगळे हसले. गोमाही हसला आणि त्याने फडकं उचललं. साहेब तपासणीला आला तेव्हा पाइप असे काळे चकचकीत दिसत होते, की त्याने बुटाने टकटक केली आणि पुढे गेला.

उषा आली. नळालाही पाच वर्षं पाणी आलं. मग धार बारीक झाली आणि खाडीजवळची वाळू भिजू लागली. नागोरावने खड्डा खणायला लावला. गोमा आता त्याच्याच दुरुस्तीच्या टोळीत होता, तोच आत उतरला. त्याने नखाने उचकटलं, तर भाजलेल्या मासळीची कातडी सुटावी तसा लेप सुटला. आत ओला, तांबडा गंज.

"मुकादम, होडी असती तर पाच वेळा वर काडली असती."

"वस्ती तहानलीय. गळतीवर लोखंडी पट्टा बसव लवकर."

खड्ड्याची वाळू धरायला कडेला फळ्या लावायच्या, तर अर्धा दिवस गेला असता; त्या लावल्याच नाहीत. ओली वाळू एकदम खड्ड्यात ढासळली. गोमाला बाहेर काढलं तेव्हा पट्टा त्याच्या हातातच होता.

दहाव्याला नागोराव घिवलीला गेला. गोमाची बायको साखरबाई दारातच बसली होती. "ते म्हनायचे, मुकादम मानूस बरा हाय, नुसती घाई लय," ती म्हणाली, आणि तिने त्याला पाणी दिलं.

लाइन अपघातानंतर दोन दिवसांतच जोडली गेली होती. ती पुरणारा ठेकेदार केव्हाच दुसऱ्या कामावर निघून गेला होता. नागोरावची नोकरी राहिली, खोल्या राहिल्या, उषाचा हंडा भरू लागला. गोमाची होडी त्या वर्षी कुणी वर ओढली नाही. जो धुवा म्हणाला होता, त्यानेच त्या घाईची किंमत भरली. उरलेली साखरबाई भरत राहिली.