तेलाचं एक बोट

मित्रांनो, मी एक जुनी बेअरिंग आहे. अर्धी वितळलेली, काळी ठिक्कर. तुमच्या सायकलच्या बेअरिंगमध्ये छर्रे असतात, माझ्यात एकही नव्हता. मी नुसती कांस्याची गुळगुळीत कडी. नंदुरबारजवळच्या एका ऑक्सिजन प्लांटच्या पंपात पोलादी दांडा माझ्या पोटात मिनिटाला वीस हजार गिरक्या घ्यायचा. आमच्या दोघांमध्ये द्रव ऑक्सिजनचा केसाहून बारीक पापुद्रा असे, त्यावरच तो तरंगायचा. शून्याखाली एकशे त्र्याऐंशी अंशांची ती थंडी मला रोज कडाकडा चावायची, पण तोच पापुद्रा मला वाचवायचा.

तेल मात्र मला वर्ज्य. द्रव ऑक्सिजनला तेल भेटलं की भडका ठरलेला. पंप सांभाळणारा, काठी गावाकडचा रूपसिंग हे फार जपायचा. कामावर येताना तो केसांनाही तेल लावत नसे. होळीला गावचा मोठा ढोल त्याच्याच हाती, आणि त्याच हातांनी तो मला अलगद उचलायचा.

दसऱ्याला पंप खोलला होता. त्याचा जोडीदार, प्रकाशा गावचा हेमकांत, याने मला कुंकू वाहिलं आणि मायेने तेलाचं बोट फिरवलं.

"हेमकांतभाऊ, हे काय केलं?" रूपसिंग ओरडला.

"मन्हा बाप विहिरनी मोटरले तेल लावाबिगर कळ दाबे नही. आज दसरा शे!"

"इथं नाही चालत. धुवून काढा तिला. नुसतं पुसू नका."

रूपसिंग व्हॉल्व्ह बघायला गेला. हेमकांतला घरी जायची घाई. त्याने मला सदऱ्याच्या टोकाने नुसतं पुसलं आणि धुतल्याची खोटीच हाक दिली, "धुई टाकी!"

रूपसिंगने विश्वास ठेवला. पंप जोडला, थंड केला, कळ दाबली. दांडा किंचाळला. माझ्या अंगावरचं तेल पेटलं, मग मीच पेटले. पोलाद फाटलं, ठिणग्यांनी भिंत चाळणी झाली. रूपसिंगने हेमकांतला लाथेने दूर उडवलं आणि जळत्या पंपाजवळचा व्हॉल्व्ह उजव्या हाताने पिळून बंद केला. मांस जळाल्याचा वास मी विसरलेली नाही.

आता मी फळीवर असते. प्रत्येक नव्या कामगाराला हेमकांत मला दाखवतो आणि आपलं खोटं स्वतः सांगतो. होळीनंतर रूपसिंग भेटायला आला.

"रूपसिंगभो, ढोल वाजाडा का?" हेमकांतने चाचरत विचारलं.

"वाजवला. डाव्या हातानं."

हेमकांत तिथेच ढसाढसा रडला.

मित्रांनो, यंत्रावर माया जरूर करा, पण त्याला काय चालतं ते आधी विचारा. आणि धुतलं नसेल, तर धुतलं म्हणू नका.